बांधाआडचं पाणी

वाटणीत काळी जमीन बाबांनी घेतली. बाबा, म्हणजे वैजनाथ, थोरले, म्हणून निवड त्यांची. वरचा मुरमाड माळ धाकट्या सोनाजीकाकांकडं गेला. त्र्याण्णव साली दोघांनी एकाच रोपवाटिकेतून सागाची रोपं आणली आणि एकाच आठवड्यात लावली.

मी बी.एस्सी. करून गावी, साखऱ्याला परत आले, तेव्हा काकांचा साग विजेच्या खांबाएवढा झाला होता. आमचा माझ्या डोक्याच्या जरा वर, शेंडे वाळलेले.

"सोन्यानं चांगली रोपं वेचून घेतली," बाबा म्हणायचे. सकाळी आपल्या शेताच्या खालच्या कडेच्या बांधावर उभे राहून ते आधी माळाकडं पाहायचे, मग आपल्या झाडांकडं. आणि दर उन्हाळ्यात बांध वीतभर उंच करायचे, म्हणजे माळावरून येणारं पाणी जास्त अडेल आणि आपला सागही वाढेल. कोरडवाहू गावात पाणी अडवणाऱ्याला चूक कोण म्हणणार?

भादव्यात मी दोन्हीकडं खड्डे खणले. माळावर मुरूम ओलसर होता, पण पाणी साचलेलं नव्हतं. मूळ सरळ खाली गेलेलं. आमच्या खड्ड्यात मात्र हातभर खणताच पाणी भरू लागलं. मुळं आडवी वळलेली, टोकं काळी, वास कुजका. आम्हाला शिकवलं होतं ते आठवलं: उत्तरेकडच्या थंड देशांतल्या जंगलांत, निचरा नसलेल्या दलदलीत स्प्रूस हे सूचिपर्णी झाड शंभर वर्षांनीही माणसाएवढंच राहतं, आणि शेजारच्या उतारावर त्याच वयाचं झाड घरांवरून उंच जातं. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही. थंडीचा भाग सोडला तर आमच्या शेतातही हेच झालं होतं.

"बाबा, बांध फोडा. साग बुडून मरतोय."

"पाणी सोडून देऊ? आन् सोन्यानं हसावं?"

काही दिवस ते रोज त्या खड्ड्यातली काळी मुळं पाहून यायचे. मग एका सकाळी कुदळ घेऊन निघाले. पहिला घाव घातला तोच काका माळावरून धावत आले.

"दादा! काहून फोडून राहिला?"

"माझा बांध हाय."

"व्हय, तुझाच! माझ्या माळावरचं पाणी, आन् तुझ्या बांधात. माझी हीर संक्रांतीला आटते, तुझी उन्हाळाभर भरलेली. रोज वरून पाहतो, जीव जळतो माझा. आन् तू नाल्यात सोडून राहिला?"

बाबांनी कुदळ टेकवली. "काय म्हणला? जीव जळतो?"

"न्हाई तर काय! तुझ्या त्या तुराट्यांवानी सागाकडं कोण पाहतं? पाण्याकडं पाहतो मी."

"बाबा, पाण्याला एवढीशी वाट तरी करा," मी म्हणाले. "अजून निम्मी झाडं वाचतील."

बाबा काकांच्या तोंडाकडं पाहत होते, आणि कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. मग वाकून त्यांनी घाव घातलेल्या जागी माती ओढली आणि टाचेनं चांगली दाबली.

"इकडं ये, सोन्या," ते म्हणाले. "इथं बांधावर उभा राहा. इथून लई बराबर दिसतं पाणी."