डॉक्टरीणबाईंचा उपास

आम्ही विणकर निम्मे जमिनीत राहतो. कमरेखालचं सगळं खड्ड्यात, पाय पावड्यांवर आणि पोट मागाच्या लाकडाला टेकलेलं. अशा बैठकीत पोट जळायला लागलं की ना वाकता येतं ना सरळ होता येतं. शिरो मेडा या विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या मागांवर हेच रडगाणं आहे. सकाळी उठल्या उठल्या एक कॅप्सूल. पाठ धरली की दुखण्याची गोळी. ती गोळी पोटाला लागली की आणखी एक कॅप्सूल. औषधाच्या दुकानातली बाई मला बघितलं की न विचारता फडताळाकडे वळते. मला कधीतरी डॉक्टरनं दोन महिन्यांसाठी आम्ल दाबायची ही कॅप्सूल, ओमेप्राझोल, लिहून दिली होती. त्याला आता पाच वर्षं झाली.

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ अंजुलो गेला. शेजारच्याच खड्ड्यात बसायचा. त्याच्या धोट्याचा आवाज थांबला म्हणून मी मान वळवली, तर तो ताण्यावर ओणवा झाला होता आणि पांढरं सूत लाल झालं होतं. इस्पितळात सांगितलं, पोटातला व्रण फुटला. व्रण जंतूनं पाडला, दुखण्याच्या गोळ्यांनी तो खोल केला, आणि कॅप्सूल वरची आग विझवत राहिली म्हणून आतलं काही कुणाला कळलं नाही. कॅप्सूलची सवय मला त्यानंच लावली होती. म्हणाला होता, शानो, खा आणि विणत बस, पोटाकडे बघायला वेळ कुणाला आहे.

माझी बायको झेनेबेच तेव्हापासून माझ्या ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत जेवायची. वर्षभर तिनं कटकट केली, मग एक दिवस बोलणंच सोडलं. तिची कटकट मला चालते, गप्प बसणं चालत नाही. गेलो मुकाट्यानं तिच्याबरोबर दवाखान्यात.

डॉक्टर सोस्ना वयानं माझ्या मुलीएवढी, पण बोलायला लागली की मी शाळेतल्या बाकावर. ती म्हणाली, कॅप्सूल काही वाईट नाही, पण ते औषध आहे, मीठ नव्हे की रोज घ्यायचं आणि कशासाठी ते विसरायचं. आधी शौचाची तपासणी करून जंतू आहे का बघू. त्यासाठी चौदा दिवस कॅप्सूल बंद. पोटात कॅप्सूल असली की जंतू दबून राहतो आणि तपासणीचा कागद खोटं बोलतो. दुखण्याची गोळी तर कायमची बंद. फार जळलं तर पांढरं पातळ औषध घे, ते चालतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर दिवस मोजत बसू नकोस, तडक इस्पितळ गाठ. जंतू सापडला तर दोन आठवड्यांची औषधं आहेत, नेमानं घेतलीस तर बरा होशील.

"पहिले दिवस जास्त जळेल," ती म्हणाली. "इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल एकदम उसळतं. घाबरू नकोस. आणि मध्येच कॅप्सूल खाल्लीस तर मला सांग. मी रागावणार नाही, आपण पुन्हा पहिल्यापासून मोजू."

दवाखान्यातून निघालो ते झेनेबेच सरळ संत मिकाएलच्या देवळात शिरली आणि नवस बोलून आली. कागद चांगला निघाला तर गाभाऱ्याला पडदा, किनार माझ्या हातची, आणि मिकाएलच्या मोठ्या सणाला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की देवानं काय दिलं. मला विचारलंही नाही. नवस तिचा आणि पडदा विणायचा मी.

त्या दिवसांबद्दल काय सांगू. चौथ्या दिवशी घशापर्यंत आग आली. इंजेरा भाकरीचा आंबटपणा सोसेना, शिरोच्या कालवणातलं बर्बरेचं तिखट सोसेना, कॉफीची पहिली वाटी नाकासमोर आली की डोळ्यांत पाणी. पांढऱ्या औषधानं तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. त्यात पाठ. झेनेबेच रोज दारामागच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मला ते हसणं नको व्हायचं. अकराव्या दिवशी ती गिरणीत गेली होती. जुन्या कोटाच्या अस्तरात दोन कॅप्सूल होत्या. एक तेव्हा खाल्ली, एक दुसऱ्या दिवशी. पोट शांत झालं आणि मी दोन दिवसांत हातभर किनार विणली.

मग मन खायला लागलं. पण मनाचं कसं फेडायचं ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. उपास मोडला तर माणूस आपल्या अब्बांकडे, म्हणजे घरच्या पाद्र्याकडे जातो, सांगतो, शिक्षा घेतो आणि स्वच्छ होऊन घरी येतो. आमच्या घराचे अब्बा मेलाकू. अंजुलोचेही तेच, माझेही तेच. तेराव्या दिवशी मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले.

"कसला उपास मोडलास?" त्यांनी विचारलं. मंगळवार होता, आणि आमचे उपास बुधवार-शुक्रवारचे, मंगळवारी कुणाचा नसतो.

म्हटलं, डॉक्टरीणबाईंचा. चौदा दिवसांचा होता, दोनदा मोडला.

मला वाटलं, अब्बा हसतील. ते म्हणाले, वचन मोडलंस हे पाप, त्यासाठी दोन दिवस चाळीस-चाळीस वेळा जमिनीला कपाळ लाव. बाकीचं त्या बाईला जाऊन सांग. पहिला भाग मी मनापासून केला. पाठीचे तुकडे झाले, पण एकही चुकवलं नाही. दुसरा भाग माझ्या कानात शिरलाच नाही. माफ झालं होतं, मग उरलं काय सांगायला?

पंधराव्या दिवशी तपासणीची डबी घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर सोस्नानं विचारलं, मध्ये एकही कॅप्सूल नाही ना? मी मान हलवली, नाही. आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. जे माफ झालं ते घडलंच नाही, असंच मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

कागद चांगला आला. जंतू नाही. झेनेबेच दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. घरी आल्यावर तिनं भिंतीवरच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या, शेजारणींना कॉफीला बोलावलं, आणि पहिल्याच वाटीला त्यांना म्हणाली, "कागद खोटं बोलतो म्हणे, पण कुणाचा? जो चोरून खातो त्याचा. आमच्या शानोनं चौदा दिवस तोंड शिवून काढले." आणि इंजेराचा घास करून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. सोस्नाचं सगळं बोलणं मला तेव्हा आठवलं, शब्द न् शब्द. अब्बांनी मला माफ केलं होतं. पोटातल्या जंतूला त्याची काही खबर नव्हती.

तिथून मी पुरता अडकलो. खरं सांगावं तर ती आत्ता कुठे माझ्या तोंडाकडे न बघता जेवायला लागली होती. नाही सांगावं तर पोट रोज आठवण देत होतं. आणि आता कॅप्सूल उघडपणे खायचीही सोय राहिली नाही. निरोगी माणसाला कॅप्सूल कशाला? दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून आणून चोरून खायला लागलो. दिवसभर तोच पडदा विणायचा. देवानं मला बरं केलं म्हणून देवाला द्यायचा पडदा, आणि त्यातला एकेक धागा पोट धरून घातलेला. अंजुलोचा माग आम्ही मोडला होता, पण खड्डा अजून बुजवला नव्हता. तिकडे न बघता विणायचं म्हणजे मान एकाच बाजूला अवघडून जायची.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी अब्बांकडे गेलो. म्हटलं, उद्या तुमच्या शेजारी उभं राहून सांगायचंय. मी नुसतं देवाचे आभार मानले आणि बाकीचं गिळलं तर चालेल का? पुन्हा शिक्षा द्या, ऐंशी वेळा कपाळ लावतो.

अब्बा म्हणाले, "इथे कुणी कबूल केलेलं मला बाहेर बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे."

म्हटलं, माहीत आहे.

"गेल्या वर्षी याच जागी एकानं मला हेच सांगितलं होतं. चौदा दिवस, डॉक्टर, कॅप्सूल. मी त्याला शिक्षा दिली आणि घरी पाठवलं. शिक्षा त्यानं चोख पाळली." त्यांनी हातातला क्रॉस मांडीवर ठेवला. "तो गेल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण मी जेवलो, लेका."

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत चाळिसावा एकच झाला होता. मी उठलो. पाय आपोआप घराकडे वळले. वाटेत कोण भेटलं, काय बोललं, मला आठवत नाही.

सणाच्या दिवशी देवळाचं पटांगण शुभ्र शाली पांघरलेल्या माणसांनी पांढरं झालं होतं. नवसवाले एकेक करून पुढे येत होते. कुणाला मूल झालं होतं, कुणाचा भाऊ तुरुंगातून सुटला होता. प्रत्येकानंतर बायका जीभ फिरवून हर्षाचा गजर करायच्या. आमची पाळी आली. झेनेबेचनं पडदा उलगडून दोन्ही हातांवर धरला आणि मी माईक घेतला. समोर सगळी गल्ली होती. अब्बा जमिनीकडे बघत होते.

मी म्हणालो, "माझा कागद खोटा आहे. मी मध्येच दोनदा कॅप्सूल खाल्ली, अब्बांना सांगून शिक्षा घेतली आणि डॉक्टरला सांगितलं नाही. अजूनही चोरून खातो. देवानं मला काही दिलेलं नाही, मीच त्याला फसवायला आलो होतो. कॅप्सूल खाणारे इथे बरेच आहेत, त्यांनी आपापल्या डॉक्टरला खरं सांगा."

कुणी गजर केला नाही. मागे कुठेतरी एक बाई सवयीनं सुरू झाली आणि लगेच थांबली. झेनेबेचनं पडदा पायरीवर ठेवला, त्याच्या घड्या नीट केल्या, आणि गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर गेली. मी मागून पळालो. उतारावर तिला गाठलं तेव्हा मला धाप लागली होती. म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे जाऊ, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू, या वेळी कोटाचं अस्तर तूच फाडून बघ.

ती थांबली. रडत नव्हती.

"देवाला सांगितलंस," ती म्हणाली. "अब्बांना सांगितलंस. आज सगळ्या गल्लीला सांगितलंस. यातलं विधवा कोण होणार होतं?"