सतराव्या बॅचमधली बाटली

मी बाळाच्या लोशनची बाटली बोलतेय. ऐका, पण माझं झाकण उघडू नका.

माझा जन्म कारखान्यातला, सोमवार सकाळचा. दोन दिवसांच्या सुट्टीत लोशन भरायच्या नळीत पाणी तुंबून राहिलं होतं. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आधी नळी उकळत्या पाण्यानं धुऊन घेऊ का?"

"गाडी दारात उभी आहे, बाई. भरा!"

त्यांनी भरलं. लोशनबरोबर माझ्या पोटात काय उतरलं, ते कुणाला दिसलं नाही. मला मात्र जाणवायचं. आत काहीतरी एकाचे दोन, दोनाचे चार होत होतं. वर लेबल होतं, 'कोमल त्वचेसाठी'.

मी ज्या घरी गेले, तिथं अडीच महिन्यांची मुलगी होती. सगळे तिला ठकी म्हणायचे. आंघोळ झाली की आई माझ्यातलं लोशन तळहातावर घ्यायची, चोळून ऊब आणायची आणि ठकीच्या मानेच्या वळ्यांत हलकेच लावायची. मला ओरडावंसं वाटे. पण बाटलीला तोंड असलं तरी आवाज नसतो.

मानेवर पुरळ उठलं. आजी म्हणाली, "कातडी कोरडी पडलीय गं. जरा जास्त लाव."

आईनं जास्त लावलं. पुरळ चिघळलं, तशी ती मला दिवसातून चारदा उचलू लागली. तिची माया वाढत गेली, तसतसं माझ्यातलं विष ठकीच्या अंगात मुरत गेलं.

पाचव्या दिवशी ठकीनं दूध सोडलं. अंग नुसतं भाजत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगाला जे जे लावता, ते सगळं घेऊन या."

बाबांनी मला पिशवीतून नेलं. प्रयोगशाळेत माझा एक थेंब काचेच्या बशीत ठेवला. दोन दिवसांत तिथं हिरवट ठिपके उगवले. ठकीच्या रक्तातही तेच जंतू निघाले.

"म्हणजे मीच चोळले," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही सीलबंद बाटली आणली होती. तुम्हाला कसं कळणार?"

आईनं मान हलवली. पण तिला पटलेलं नव्हतं.

एकवीस दिवसांनी ठकी घरी गेली. वाचली पोर. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, आई आता तिला नुसत्या पाण्यानं पुसते, आणि तेही उकळून गार केलेल्या.

मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, दोन पिशव्यांत बांधलेली. कारखान्यानं बॅच परत मागवली, पण सगळ्या बाटल्या काही परतल्या नाहीत. तुमच्या फळीवर अशी एखादी असेल, तर उलटी करून बुडावरचा बॅच नंबर वाचा. सतरा असेल, तर घट्ट बांधून दुकानात परत द्या. अर्धी भरलेली आहे म्हणून हळहळू नका.