साडेआठ

"हात जरा पुढे घ्या. हां, असाच!" फोटोवाला म्हणाला आणि मी माझे दोन्ही हात पुढे केले.

"तुम्ही नाही हो काका. ते, ते!"

ते म्हणजे साडेआठ. वखारीत ओंडके कापणारा, माझा चाळीस वर्षांचा सोबती आणि तितक्याच वर्षांची माझी पोटदुखी. करवतीनं त्याचं एक बोट पुरतं आणि एक अर्धं नेलं, तेव्हा गावानं उरलेली मोजून त्याला हे नाव दिलं. माझी दहाच्या दहा शाबूत. मी धार लावणारा. मागच्या खोलीत कानशीनं करवतीचे दाते घासत बसलेल्या माणसाला कोण विचारतो?

मी आलो तेव्हा इथे एक करवत आणि चार झोपड्या होत्या. दहा वर्षांत करवती सात झाल्या. शाळा आली, दवाखाना आला, थिएटरसुद्धा आलं. दोरीवरच्या कपड्यांनाही ताज्या भुशाचा वास यायचा. त्या दिवसांत तुटकं बोट म्हणजे मेडल. चहाच्या दुकानात साडेआठ आला की बाक रिकामा व्हायचा. माझी बायकोसुद्धा त्याला बशीसकट कप द्यायची, वर "किती सोसलंत हो भावजी!" माझी पाठ वाकली ती काय हौसेनं? खोटं कशाला बोलू, एकदा आसपास कुणी नसताना मी फिरत्या करवतीजवळ करंगळी नेली होती. छाती झाली नाही.

पुढे जंगल लांब लांब गेलं. शहरातून दाबलेल्या भुशाच्या गुळगुळीत फळ्या येऊ लागल्या. सातातली एक करवत उरली. आज तीही भंगारात निघाली होती, म्हणून मालकांच्या मुलानं हा फोटो काढवला.

फोटो झाल्यावर आम्ही दोघं शेवटच्या ओंडक्यावर बसलो. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"नशीब काढलंस बाबा! दीड बोटात अख्खं गाव खिशात घातलंस."

"घेतोस का? तुझी दे," तो म्हणाला. "नातीची वेणी घालायला बसलो की पेड निसटतात. ती म्हणते, आजोबा, राहू द्या."

मी ओंडक्यावर त्याच्याजवळ सरकलो. मग इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "फार दुखलं होतं का रे?"

"त्या क्षणी? कळलंच नाही. डॉक्टर म्हणाला, इतकी साफ जखम मी पाहिली नाही. बोथट करवत असती तर पंज्याच्या चिंधड्या झाल्या असत्या. धार कुणी लावली म्हणून विचारलं त्यानं. मी तुझं नाव सांगितलं."

"आणि मला आज सांगतोयस?"

साडेआठ जमिनीकडे बघत राहिला. "सगळे माझ्या हाताकडे बघत होते रे. हे सांगितलं असतं तर तुझ्या हाताकडे बघितलं असतं."

याला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी, मला कळेना. तेवढ्यात भंगारवाल्याची माणसं करवत उचलून आमच्यासमोरून निघाली.

"थांबा जरा," मी म्हणालो.

सकाळीच मी तिला धार लावली होती. भंगारात जायची म्हणून काय बोथट जाऊ द्यायची? मी दात्यांवरून अंगठा फिरवला. रक्ताचा बारीकसा ठिपका वर आला.

"लागलं का रे?" साडेआठनं विचारलं.

"कळलंच नाही," मी म्हणालो, आणि अंगठा त्याच्यापुढे धरला.