शर्यतीच्या मागून

रेज्काला माणसांची किळस येते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर सप्टेंबरात डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीचा झाडू व्हायला तीच पुढे यायची. झाडूने सगळ्यांच्या शेवटी चालायचं, रेंगाळणाऱ्यांना हाकत आणायचं, फांद्यांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडायच्या आणि पुढच्यांनी टाकलेली घाण गोणीत भरायची. बोहिनच्या तळ्याला वळसा घालून, कुरणांवरून वर खिंडीत आणि पलीकडून पुन्हा तळ्यावर, असा तो मार्ग. शहरातली माणसं त्याचे फोटो काढतात आणि हळवी होतात. रेज्काला मात्र त्यांच्या मागून यावं लागायचं.

यंदा तर लोकांनी ताळतंत्रच सोडलं होतं. धावताना चोखायच्या गोड चिकट अर्काच्या पिशव्या दातांनी फाडून जागच्या जागी टाकलेल्या, त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. गुरं ज्याचं पाणी पितात आणि तीही पिते, त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला कागदाचे बोळे. "निसर्ग बघायला येतात मेले," ती चिमट्याने एकेक उचलत पुटपुटली, "आणि बसतात कुठे, तर झऱ्याच्या उशाशी!" तिला मळमळून आलं.

तरी आज तिचं पाऊल हलकं होतं. तिचा मुलगा गाश्पर पळत होता, आणि जो पहिला येईल तो देशाच्या संघात जाणार होता. तिथे जागा एकच. टक्कर द्यायला टोल्मिनचा वीद होता, बाकी सगळे नुसते भरतीचे. नवरा गेल्यापासून रेज्काने गाश्परला एकटीने वाढवलं होतं, आणि त्या जागेची हाव त्याच्यापेक्षा तिलाच जास्त होती. तासाभरापूर्वी वॉकीटॉकीवर बातमी आली होती. गाश्पर पहिला आला! ती त्या उतारावर एकटीच मोठ्याने ओरडली होती.

शेवटच्या धावपटूने खालच्या कुरणावरच हात टेकले होते, त्यामुळे तिच्यापुढे आता कुणी नव्हतं. खिंडीखाली वाट घळीच्या कडेने जाते आणि तिथे ओढ्याच्या आवाजापुढे स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. बुटक्या पाइनच्या जाळीखाली तिला काहीतरी केशरी दिसलं. शिव्या घालत ती ते उचलायला उतरली. तो बूट होता, आणि बुटात पाय होता.

"आलात एकदाच्या, काकू," वीद म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. "गाश्परनं बराच वेळ लावला हो पाठवायला."

"गाश्परनं?"

"मी पुढे होतो. घसरलो तसा तो वरून डोकावला. म्हणाला, हलू नकोस, वर झोपडीवर सांगतो. म्हणून गप पडून राहिलो. मग माणसं वरून जायला लागली, जातच राहिली. शिट्टी वाजवून पाहिली, पण या पाण्यापुढे कोण ऐकतंय?" तो थरथरत थांबला. "तोही कुठे पडला नाही ना? बरा आहे ना तो?"

"बरा आहे," रेज्का म्हणाली. ती गाश्परची आई आहे हे त्या पोराला माहीत नव्हतं. तिने अंगातलं जाकीट काढून त्याच्यावर घातलं, मदत पथकाला कळवलं आणि मग खिंडीतल्या झोपडीवर धावपटूंना चहापाणी देणाऱ्या अल्बिनला वॉकीटॉकीवरून हाक दिली. "अल्बिन, गाश्पर तुला काही बोलला होता?"

"काय बोलणार? उभ्याउभ्या चहा प्यायला. मीच विचारलं, टोल्मिनवाला कुठाय, कुरणावर तर तोच पुढे होता? तर म्हणतो, पोटात कळ आली असेल, बसला असेल झाडाआड. हसून हसून पुरेवाट आमची. का गं?"

तिने यंत्र बंद केलं. दिवसभर मळमळत होतं ते आता खरोखर घशाशी आलं, आणि ती वीदला दिसू नये म्हणून पाइनच्या मागे जाऊन ओकली.

हेलिकॉप्टर आलं. दोरीवरून उतरलेल्या माणसाने पाय पाहिला आणि म्हणाला, "जीव वाचला. पायाचं आत्ता सांगता येत नाही. फार वेळ गेलाय."

ती खाली पोचली तेव्हा तळ्याकाठच्या हिरवळीवर सॉसेज भाजल्याचा वास दरवळत होता, अकॉर्डियन वाजत होतं. झाडू आल्याशिवाय इथे निकाल लागत नाही, म्हणून सगळे तिचीच वाट बघत होते. शर्यतीचा प्रमुख लोव्रो लगबगीने पुढे आला. "ये गं बाई! त्या वीदचं कळलं. वाईट झालं. पण तू वेळेवर पोचलीस. बाकी वाटेवर काही?"

"एक नंबरला बाद कर. जखमीला टाकून गेला. वर झोपडीवर खोटंही बोलला."

लोव्रोने चटकन आजूबाजूला पाहिलं आणि तिचा दंड धरून तिला तंबूमागे नेलं. "अगं, हळू! तुझंच पोर आहे. इतक्या वर्षांनी आपल्या गावचं कुणीतरी संघात जातंय. वीद काही मेला नाही ना? आणि हे इथे तुझ्यामाझ्याशिवाय माहीत कुणाला आहे?"

"हात काढ आधी," रेज्का म्हणाली. तिला त्या हाताचीसुद्धा शिसारी आली.

गाश्पर ओठांवरची मोहरीची चटणी पुसत आला. आईचा चेहरा पाहून त्याला काय ते समजलं. "आई, ऐक तरी. मी बोललो असतो तर त्यांनी शर्यत थांबवली असती. इतकी वर्षं तूच म्हणायचीस ना, संघात जायचं, संघात जायचं? आणि मी काय त्याला मरायला टाकलं होतं? मला माहीत होतं, तू मागून येत होतीस. तुझ्या नजरेतून कधी काही सुटतं का!"

हे तो अगदी लाडात येऊन बोलला. रेज्काला ते शब्द वर्मी लागले. लोक टाकत जातात आणि आपण उचलत येतो, याचा तिला आजवर केवढा ताठा होता! तिच्या पोटचा पोरगा त्याच भरवशावर एक जिवंत माणूस टाकून आला होता.

"बाद लिही, लोव्रो. नाही लिहिलंस तर मी तिकडे भोंग्यावर सांगते."

लोव्रो मान खाली घालून गेला. गाश्परच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठली आई असं करते गं?"

"गाडीत बस."

"मला नाही यायचं घरी."

"घरी कोण नेतंय? इस्पितळात चाललोय आपण. तिथे वीदची आई बसली असेल. तिला तुझ्या तोंडानं सांग, माझी आई येणार होती मागून."