गड्याच्या खांद्यातला दोष

"बाबा, तुम्हीच काय ते करा! शांत करा हो गड्याला!" भर कारखान्यात मालकांनी हात जोडले. मालकांनी जोडले म्हणून सगळ्या कामगारांनी जोडले. मीही जोडले. का, ते सांगते.

गडी म्हणजे रंगाचे डबे उचलून रचणारा यंत्राचा हात. माणसाच्या दुप्पट उंच, पण खांदा खाली, बुडाशी. हल्ली फिरता फिरता त्याचा खांदा अडखळायचा, कापरं भरायचं आणि डबा धाडकन खाली. मग बाबांना बोलावणं जायचं. बाबा गडी बंद करायला लावायचे, त्याच्यावर काळी चादर घालायचे आणि मंत्र सुरू. चेला चादरीत शिरून मंतरलेलं तेल चोळायचा. चादर काढली की गडी कसा अगदी अलगद फिरायचा! पुढच्या आठवड्यात पुन्हा कापरं, पुन्हा बाबा.

हा चेला कारखान्यातलाच, यंत्रांना ग्रीस भरणारा. बाबांना आणलं त्यानंच. बाबांचा डोळा मागच्या गोदामावर होता. तिथं त्यांना मठ हवा होता.

मठ काढा नाहीतर महाल बांधा, माझं काय जात होतं? पण पहिल्याच खेपेला मालकांनी विचारलं, "असं होतंय तरी का?" आणि बाबांनी डोळे मिटून बोट दाखवलं ते माझ्या धाकट्या बहिणीकडे. "हा सांधा हिनं बसवला ना? हिच्या हाताला दोष आहे. हिला घालवा. तरी दोष एकदम नाही उतरणार, मला येत राहावं लागेल."

त्याच दिवशी तिला घरी बसवलं. चांगली फिटर पोरगी! दुसऱ्या कारखान्यांत गेली तर तिथंही बातमी आधीच पोचलेली. "बाई गं, आमच्या मशीनला हात नको लावूस." घरी भांडी घासतानाही ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची. एकदा हळूच म्हणाली, "ताई, खरंच असेल का गं काही?"

तिथं माझं डोकं फिरलं. ठरवलं, या बाबाला आता सोडायचं नाही.

मी तंत्रनिकेतनात बेअरिंगच शिकवते. "रडू नकोस. सांधा कसा बसवलास ते पहिल्यापासून सांग," मी तिला दरडावलं. तिनं सांगितलं. बेअरिंग क्रॉस रोलरचं. त्यातले रोलर एकाआड एक, एकमेकांशी काटकोनात. म्हणून ते एकटंच वजन पेलतं, बाजूचा रेटा सोसतं आणि लांब हाताला कलंडू देत नाही. बाहेरची कडी दोन तुकड्यांची असते, ती एका चकतीखाली बोल्टांनी दाबून धरायची. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, थोडे थोडे, सगळे सारख्याच जोरानं.

"आणि शेवटी?"

"शेवटी प्रत्येक बोल्टवरून चकतीपर्यंत पिवळी रेघ ओढली. नेहमी ओढते. बोल्ट कुणी हलवला तर रेघ मोडते ना."

म्हणून त्या दिवशी मी भक्तीण होऊन गर्दीत उभी होते. गडी बंद झाल्यावर "बाबा, गड्याच्या पाया पडू का?" म्हणत खांद्याशी वाकले. एका बाजूच्या तीन बोल्टांवरच्या रेघा मोडलेल्या! रुमालात निळा लेप होता. दोन भाग नीट टेकतात का ते बघायला फिटर लावतात, तो. एकदा हाताला लागला की घासून घासून जीव जातो. तिन्ही बोल्टांना चोपडला आणि भक्तिभावानं मागं सरले.

चादर पडली. बाबा गरजले, "दोषा दोषा, चालता हो! गड्या गड्या, हालता हो!" चेला आत शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याची बोटं निळीशार. तोच दचकला. पण बाबा कसले बिलंदर!

"बघा! पोरीच्या हातचं विष! निळं होऊन बाहेर पडलं!"

आणि गर्दीनं पुन्हा हात जोडले. मी कपाळाला हात लावला.

"विष काय? मग हे कुठून आलं?" मी रुमाल उघडून सगळ्यांसमोर तळहातावर घासला. तोही निळाशार. "याची बाही झटका रे जरा!"

दोघांनी चेल्याला धरलं. बाहीतून ॲलन की, बोल्ट फिरवायची वाकडी किल्ली, खळकन पडली. टोक निळं.

"काही नाही हो मालक," मी म्हटलं, "ग्रीस भरायच्या निमित्तानं हा एका बाजूचे बोल्ट जास्त आवळतो. कडी वाकडी दबते, रोलर चेंगरतात, गडी अडखळतो. मग चादरीत शिरून तेच बोल्ट सैल करतो. झाला चमत्कार!"

"चेल्यानं केलं असेल," मालक चाचरले, "पण बाबा..."

"बरं, बघूच." त्याच ॲलन कीनं ते तीन बोल्ट मी आवळले. सगळ्यांना मागं केलं, गडी सुरू केला. कापरं! डबा खाली! "करा शांत, बाबा. चादर नाही, चेला नाही. नुसता मंत्र."

बाबा पुटपुटले. "मोठ्यानं! मागच्यांना ऐकू येत नाहीये." कामगार हसायला लागले. घसा बसेपर्यंत म्हणायला लावला मी त्याला. खोटं कशाला सांगू, दया आली नाही. मजा आली.

"मला... नाही येत," तो शेवटी म्हणाला.

"ते कळलं. पोरीबद्दल जे बोललास ते मागं घे. तेव्हा बोललास तेवढ्याच मोठ्यानं."

घेतलं त्यानं, चारचौघांत, मान खाली घालून.

"झालं गेलं विसरा बाई," मालक म्हणाले.

"नाही विसरणार. तुम्ही एवढे शिकलेले, पण एका माणसाच्या शब्दावर पोरीची भाकरी तोडलीत आणि एक बोल्ट तपासला नाहीत. जा, फाटकाबाहेर उभी आहे ती. तुम्ही स्वतः बोलावून आणा."

ते गेले. धाकटी आली. आधी तिनं गडी बंद केला. मग सगळे बोल्ट सोडून रोलर पाहिले, कडी पाहिली. "वाचलंय, ताई. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर बेअरिंग फेकायची वेळ होती." मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले, मध्येच गड्याला हातानं फिरवून बघत. नव्या पिवळ्या रेघा ओढल्या. गडी सुरू झाला आणि डब्यावर डबा रचत गेला. तिनं ग्रीस लागलेली बोटं एकदा पाहिली आणि फडक्याला पुसून पुढच्या मशीनकडे गेली.

तर मंडळी, तुमच्या घरी, कारखान्यात काही अडलं तर खुशाल बाबाला बोलवा, पण आधी चादर काढायला लावा. कुणाच्या लेकीचा हात वाईट म्हणण्याआधी बोल्ट कुणी हलवला ते विचारा. आणि हा प्रश्न ऐकून जो चिडेल, त्याची बाही झटका.