जहाजावरचा वाफ्या

वाफ्या जहाजावर गेला. मोठं प्रवासी जहाज, त्यावर लाँड्रीप्रमुखाची जागा, कप्तानाचे शर्ट त्याच्या हाताखालून जातात, आणि कप्तान समोर दिसला की आधी वाफ्याची कॉलर बघतो, मग स्वतःची. हे झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू, कारण ते खरोखरच झालेलं नाही आणि उगाच मधेमधे लुडबुड करेल.

झालं ते एवढंच, की थंडी येऊ घातली होती आणि लाँड्रीतून कोट बाहेर पडायला लागले होते.

वाफ्या त्या लाँड्रीत इस्त्रीवर होता. कामावर असताना तो कमरेच्या वर वाफेतच असायचा. कितीतरी गिऱ्हाइकं त्याला फक्त चपलांवरून ओळखायची. थंडी सरली की लोक जाड कोट धुवायला आणून टाकायचे, आणि हवेत गारवा आला की घाईघाईने न्यायला यायचे, जणू वाफ्याने ते पळवलेच होते. वर्षातून या दोन वेळांना, कोट आत येताना आणि कोट बाहेर जाताना, वाफ्या आणि त्याचे शाळेपासूनचे दोन दोस्त इस्त्रीच्या खोलीत जमायचे. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, शटर अर्धं खाली ओढून.

एक होता कवळी. तो दातांच्या कवळ्या बनवायचा आणि कुणीही हसलं की त्याच्या तोंडात डोकावून बघायचा. दुसरी क्लच. ती लोकांना गाडी शिकवायची आणि तिच्याशी बोलताना कुणी अडखळलं तर आपोआप म्हणायची, "क्लच दाब, घाबरू नको."

जमायचं ते एकमेकांच्या आयुष्यात काय नवीन घडलं ते सांगायला. नियम पक्के होते. मधल्या दिवसांत फोनवर कुणी काही सांगायचं नाही, सगळं साठवून आणायचं. छोटी बातमी आधी, मोठी नंतर. आणि ज्याची बातमी सगळ्यात मोठी, त्याने शेवटी बोलायचं, तेही वाफेवर तापणाऱ्या इस्त्रीच्या टेबलावर बसून. त्यासाठी वाफ्या सुट्टी असूनही टेबल मुद्दाम तापवून ठेवायचा. बाकीचे दोघे खाली ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांवर.

टेबल तापवायचा वाफ्या. बसायचे दुसरेच.

कवळीने स्वतःचं वर्कशॉप काढलं, तो टेबलावर. क्लचने स्वतःची गाडी घेतली, ती टेबलावर. कवळीचं लग्न ठरलं, पुन्हा तोच, वर पाय हलवत. वाफ्याचा नंबर नेहमी पहिला. "नवीन हँगर आले," तो सांगायचा. दोघे मान डोलवायचे आणि पुढे सरकायचे. एकदा त्याने मोठ्या आशेने सांगितलं की त्याला अक्कलदाढ आली. कवळीने मोबाईलचा उजेड पाडून बघितलं आणि म्हणाला, "अजून पूर्ण आलेली नाही रे." तीही बातमी पुढच्या खेपेवर ढकलली गेली.

दोस्तांचं चांगलं झालेलं वाफ्याला बघवत नव्हतं असं नाही. बघवत होतं. फक्त बघून झाल्यावर तो रात्रभर कूस बदलत राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पँटींच्या घड्या इतक्या धारदार पाडायचा की लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणायच्या, "कुणावर राग काढतोयस? गिऱ्हाइकाचा पाय कापेल."

त्या वर्षी मात्र त्याच्याकडे खरीखुरी बातमी होती. मालकीणबाईंनी त्याला डागांवर घेतलं होतं. डाग म्हणजे लाँड्रीतली सगळ्यात वरची जागा. इस्त्री कुणीही करतं, डाग बघून तो कशाचा आहे, कधीचा आहे आणि गिऱ्हाईक खोटं का बोलतंय हे ओळखायला डोकं लागतं. वाफ्याने ती बातमी दोन आठवडे जिभेखाली धरून ठेवली होती.

दोघे आले. शटर खाली झालं.

"मी शेवटी," कवळी म्हणाला.

"नाही, मी शेवटी," क्लच म्हणाली.

"मी शेवटी," वाफ्या म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हँगरच बोलला.

असं कधी झालं नव्हतं. मग ठरलं की प्रत्येकाने एका वाक्यात बातमी फोडायची आणि मोठी कुठली ते तिघांनी मिळून ठरवायचं.

"जुळं होणार आहे," कवळी म्हणाला.

"माझी स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल," क्लच म्हणाली. "पाटी रंगवायला दिलीय."

आता वाफ्या. त्याने डागांची बातमी जिभेखालून काढली. इतके दिवस केवढी मोठी वाटत होती! आता ती शर्टाच्या बटणाएवढी झाली होती, तेही मनगटाजवळच्या. समोर जुळं, बाजूला पाटी. वाफ्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्या तिळपापडातून एक वाक्य आपलं आपण बाहेर पडलं.

"मी चाललो."

"आत्ता? नंबर लागायच्या आधीच?"

"कायमचा. म्हणजे कामाला. जहाजावर."

"कसल्या?"

"प्रवासी. लाँड्रीप्रमुख."

खोलीत फक्त टेबल सूं सूं करत राहिलं. मग क्लचने किंकाळी फोडली, कवळीने त्याला मिठी मारली, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून टेबलावर बसवलं. टेबल इतकं छान ऊबदार असतं हे वाफ्याला, ते रोज तापवूनही, माहीत नव्हतं. त्याहून ऊबदार होता कवळीचा चेहरा. त्या चेहऱ्यावर, जुळ्याच्या बापाच्या चेहऱ्यावर, स्वच्छ जळफळाट होता. वाफ्याला डागांची नजर होती. त्याने तो लगेच ओळखला.

"आम्ही इथेच राहणार," कवळी म्हणाला, "लोकांच्या तोंडात हात घालत."

वाफ्याने इतकी सुंदर गोष्ट आजवर ऐकली नव्हती.

खोटं त्याच संध्याकाळी उसवायला हवं होतं. पण क्लचने मालकीणबाईंना सांगितलं. त्या रडल्या आणि डागांची जागा दुसऱ्याला दिली. कवळीने निरोपाची भेट म्हणून वाफ्याच्या म्हातारपणाच्या मापाची कवळी करून आणली. "अंदाजाने केलीय," तो म्हणाला. "तिकडे पाण्यात कोण बनवून देणार तुला?" आता ज्या माणसाने तुमचे पडायचे आहेत ते दातसुद्धा भरून दिले, त्याला काय सांगणार?

क्लचने स्वतः त्याला बंदरावर सोडलं. शिकवायची गाडी होती, त्यामुळे ब्रेक दोन्हीकडे. वाफ्या शेजारच्या सीटवर बसून वाटभर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत राहिला.

"तुझा पाय काढ," क्लच म्हणाली. "जायचं नाही का तुला?"

"जायचंय की."

बंदरावर ती त्याला हात हलवत राहिली. वाफ्या बॅग घेऊन कंटेनरांच्या मागे गेला, तिची गाडी वळेपर्यंत उभा राहिला आणि बस धरून घरी आला.

आईला त्याने सगळं खरं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, पण मी जिन्यातल्या सगळ्यांना सांगून बसलेय. आता परत कसा येतोस तू?" आणि त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे पाठवलं. आत्याने शेजाऱ्यांना सांगितलं, "जहाजावर आहे ना, त्याचा हा धाकटा भाऊ. स्वभावाने गरीब आहे."

आत्याच्या घराजवळ एका हॉटेलाच्या तळघरात वाफ्याला काम मिळालं. चादरी, टॉवेल, मॅनेजरचे शर्ट. खिडकी नव्हती. पाईप घरघरायचे. डोळे मिटले तर जहाज म्हणून खपलं असतं.

आणि फोन वाजायला लागला. जहाजावरच्याला नियम लागू नाही असं दोघांनी परस्पर ठरवलं होतं. तो बिचारा भेटायला कसा येणार? "कळव रे काहीतरी," क्लचचा मेसेज आला. वाफ्याने जे घडलं तेच कळवलं, फक्त मॅनेजरच्या जागी कप्तान घातला. *आज कप्तानाच्या शर्टावरचा शाईचा डाग काढला.* दोघांनी इतके बदाम पाठवले की स्क्रीन लाल झाली. *कसा काढलास?* कवळीने विचारलं. *सविस्तर सांग.* वाफ्याने आयुष्य लाँड्रीत काढलं होतं, पण "कसा काढलास" हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तळघरातला पाईप फुटला, ते त्याने वादळ म्हणून कळवलं. क्लचने त्या रात्री झोप लागली नाही म्हणून सांगितलं.

काही दिवस वाफ्या हवेत होता. मग दोघेही आपलं सांगायला लागले, आणि ते काही जुळ्या-पाटीसारखं नव्हतं.

*दोन्ही पोरं एकाच वेळी रडतात,* कवळीने लिहिलं. *काल मी वर्कशॉपमध्ये जाऊन आतून कडी लावली आणि साच्यांसमोर बसून राहिलो. बायकोला सांगितलं, अर्जंट ऑर्डर आहे. तुला म्हणून सांगतो.*

*स्कूलमध्ये कुणी येत नाही,* क्लचने लिहिलं. *मी रोज एकटीच गाडी घेऊन निघते आणि पाटी दिसावी म्हणून हळू चालवते. घरी सांगितलेलं नाही. तू इथे होतास तेव्हा तुझ्यापाशी असलं काही बोलावंसं कधी वाटलं नाही बघ. तुझ्याशी आता बोलता येतं.*

वाफ्याने हा मेसेज वाचला आणि तो असा काही जळला की त्याला तोड नव्हती. कवळीच्या लग्नाच्या वेळीही तो एवढा जळला नव्हता. इतकी वर्षं टेबल कुणी तापवलं? आणि मनातलं कुणाला कळतंय? त्या जहाजावरच्याला! काल आलेला माणूस! वाफ्याने त्या रात्री क्लचला छान, समजूतदार उत्तर लिहिलं, आणि ते पाठवताना त्याला जहाजावरच्याचा इतका राग आला की फोन आत्याच्या गादीखाली कोंबून ठेवला. सकाळी क्लचचं उत्तर आलं होतं. *तुझ्यासारखा माणूस नाही.* म्हणजे त्याच्यासारखा नाही, माझ्यासारखे पायलीला पन्नास, असं वाफ्या पुटपुटला. आत्या म्हणाली, "भावाची आठवण येतेय होय रे?"

थंडी सरली. कोट परत लाँड्रीत यायला लागले. सुट्टीच्या दिवशी दुपारी वाफ्या निघाला. आज सगळं सांगून टाकायचं आणि त्या जहाजावरच्याचं जे काय आहे ते आपल्या नावावर करून घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला. कवळी आणि क्लच गठ्ठ्यांवर बसले होते. टेबल तापलेलं होतं. त्यावर कुणी नव्हतं, फक्त मधोमध घडी केलेल्या टॉवेलवर क्लचचा फोन भिंतीला टेकवून ठेवला होता.

"तू कधी आलास?" कवळी उडालाच.

"मी गेलोच नव्हतो."

"म्हणजे?"

वाफ्याने सांगितलं. बंदर, बस, आत्या, तळघर, सगळं.

"आणि कप्तानाचा शर्ट?" कवळीने विचारलं.

"हॉटेलच्या मॅनेजरचा."

"वादळ?"

"पाईप फुटला होता."

कवळीचा चेहरा एखाद्याचं माणूस गेल्यासारखा झाला. "छान होतं रे ते वादळ," तो हळूच म्हणाला. "मी पोरांना सांगतो झोपवताना."

क्लचने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्याला जे लिहिलं ते तू वाचलंस?"

"तो मीच आहे ना."

"तू नाहीस."

"अगं, उत्तरं कोण लिहीत होतं?"

"तो लिहीत होता. तुला मी असलं सांगितलं असतं का? तू मनातल्या मनात मोजलं असतंस, तुझं मोठं की माझं. तुझ्या तोंडावर दिसतं ते. कायम दिसायचं."

वाफ्या अडखळला. पहिल्यांदाच त्याला कुणी क्लच दाबायला सांगितलं नाही.

तिने टेबलावरचा फोन उचलला आणि रागारागाने काहीतरी लिहिलं. वाफ्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून वाचलं.

*वाफ्या आलाय इथे. फार वाईट वागला आमच्याशी. तू असतास तर समजावलं असतंस त्याला. लवकर ये.*

"हे मला आलं," वाफ्या म्हणाला.

"तुला नाही लिहिलेलं," क्लच म्हणाली. "दुसऱ्याचे मेसेज वाचू नये."

कवळीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गठ्ठ्यावर थोडा सरकून जागा केली. "बस," तो म्हणाला. "आता आलाच आहेस तर नियमाप्रमाणे होऊ दे. छोटी बातमी आधी. बोल, वाफ्या."

"आणि शेवटी?"

"शेवटी तो," क्लच फोन टॉवेलवर परत ठेवत म्हणाली. "त्याने कालच लिहिलंय, मोठी बातमी आहे म्हणून."

ते वाफ्यानेच लिहिलं होतं. मोठी बातमी म्हणजे मी परत आलो, ही. ती आता सांगून झाली होती आणि कुणी टाळी दिली नव्हती. ऊन शटरखालून आत येत होतं. टेबल रिकामं, गरम, सूं सूं करत होतं. वाफ्या बसला नाही. त्याने शर्टाची कॉलर सरळ केली, घसा खाकरला आणि समोर मोठं ऑफिस असावं अशा आवाजात म्हणाला:

"माननीय सभासद यांस. खाली सही करणारा अर्जदार या खोलीत शाळेपासून कार्यरत असून, सध्या समुद्रात असलेली त्याच नावाची एक व्यक्ती अर्जदाराची जागा, अर्जदाराचे मित्र व त्यांची दुःखे विनापरवाना वापरत आहे. तरी सर्व प्रवाशांना सुखरूप उतरवून, कप्तानाचे शर्ट वेगळे काढून, सदर जहाज सदर व्यक्तीसह आपल्या सोयीने, परंतु कोट पुन्हा बाहेर पडण्यापूर्वी, बुडवण्यात यावे व तसे अर्जदारास लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती."