गौरवने जोडलेलं गाणं

योगिनी फोन घेऊन धावत आली तेव्हा नम्रता मिरकरवाडा बंदरावरच्या शेडमध्ये कोलंबी सोलत होती. मुंबईहून गाण्याच्या कंपनीचा फोन होता. आईचे हात ओले, म्हणून योगिनीने तो स्पीकरवर टाकला.

पलीकडची बाई मऊ बोलत होती. मुलाच्या गाण्याचा बंद केलेला आवाज परत द्या, हा तुमचा अर्ज वाचला, वाईट वाटलं, म्हणाली. पण त्या जुन्या सिनेमातल्या गाण्यात दुसरं गाणं मिसळायला कंपनी कुणालाच परवानगी देत नाही. आमचं गाणं त्यातून पुसून टाका, मग तुमचा आवाज तेवढा पुन्हा ऐकू येईल.

नम्रताचा मुलगा गौरव अंजनवेलच्या वीजप्रकल्पात कंत्राटी वायरमन होता. सुट्टीला आला की लॅपटॉप घेऊन बसायचा. एकदा आई भाकऱ्या भाजताना लावणीचं, म्हणजे भात लावतानाचं गाणं गुणगुणत होती. ते त्याने गुपचूप टिपलं, सिनेमाच्या गाण्यात गुंफलं आणि व्हिडिओ करून नेटवर टाकलं. नम्रता रागावली होती. माझा फाटका आवाज लोकांना कशाला ऐकवतोस, म्हणाली.

"आये, दोनव गाण्यांचा ताल येकच हाय," तो हसला होता. "तुलाच ठावक नव्हता."

आषाढात चिपळूणच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली. तो गेला, पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉपही चिरडला. नेटवरचं ते गाणं तेवढं राहिलं. नम्रता रोज कामावरून आली की ते ऐकायची, मगच चूल पेटवायची. गणपतीत ते गावोगाव वाजलं, मुंबईपर्यंत पोचलं, आणि कंपनीच्या नजरेत आलं. एका सकाळी आवाज बंद झाला. चित्र तेवढं हलत राहिलं.

नम्रताने कोलंबी खाली ठेवली.

"बाय, गाणा तुमचा, कबूल. आवाज माजा. मंग त्यात माज्या पोराचा काय?"

बाई म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार, मावशी."

कंपनीचं गाणं पुसू का, असं दोन दिवस योगिनी आईला विचारत राहिली. तिसऱ्या दिवशी नम्रता म्हणाली, पूस. अगदीच मुकं असण्यापेक्षा बरं. योगिनीने गौरवच्या खात्यात जाऊन ते पुसलं.

संध्याकाळी दोघी पडवीत बसल्या. गाणं लागलं. नम्रताचा एकटा आवाज आला, बारीक, मध्येच भाकरी थापल्याचा आवाज. ओळ संपली आणि सगळं थांबलं. इथे गौरवने तिची पुढची ओळ उशिरा सुरू केली होती, सिनेमातली बासरी वाजावी म्हणून. आता बासरी नव्हती. नुसती जागा होती.

बिघडलंय असं वाटून योगिनीने फोनकडे हात नेला.

"ऱ्हाव दे गो," नम्रता म्हणाली. "ह्या त्याचा हाय."

ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिचाच आवाज पुन्हा सुरू झाला, तशी तिने गाणं बोटाने मागे, त्या रिकाम्या जागेपाशी नेलं.